बडतर्फ कामगार, नवी संहिता आणि आपले काम

चार श्रमसंहितांमुळे कामगाराला न्याय मिळणे सुलभ झाले, असा डंका २१ नोव्हेंबर २०२५ पासून, म्हणजे त्या अमलात आल्यापासून, पिटला जात आहे. त्यांपैकी औद्योगिक संबंध संहिता राज्यसभेने सप्टेंबर २०२० मध्ये संमत केली ती विरोधी बाके रिकामी असताना. या सुलभतेची कसोटी एका साध्या प्रसंगावर घेऊ. कामगार सकाळी पाळीवर येतो, त्याला फाटकावरच अडवले जाते आणि कामावरून कमी केल्याचा कागद हाती दिला जातो. त्याला कायद्याने काय मिळते?

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात एकट्याची बडतर्फी हा मुळात औद्योगिक विवादच ठरत नसे; युनियनने किंवा सोबत्यांनी ती उचलून धरावी लागे. १९६५ साली कलम २-अ आले, तरी प्रकरण न्यायालयाकडे सोपवायचे की नाही, ही किल्ली सरकारच्याच खिशात होती. ती २०१० च्या दुरुस्तीने निघाली. समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून पंचेचाळीस दिवस उलटले की कामगाराला थेट दाद मागता येऊ लागली आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत मिळाली. नव्या संहितेने पंचेचाळीस दिवस कायम ठेवले, मुदत मात्र दोन वर्षांवर आणली. बडतर्फ माणूस पहिले काही महिने ‘साहेब परत घेतील’ या आशेवर काढतो, मग गावी जातो, मिळेल ते काम धरतो. कापलेले वर्ष नेमके याच माणसाचे आहे. ही सुलभता मालकाची नव्हे तर कोणाची?

स्थायी आदेशांचेही तेच. केंद्रीय कायद्याने ते शंभर कामगारांच्या आस्थापनेला लागू होते, आता तीनशेंना. निलंबित कामगाराला पहिले नव्वद दिवस अर्धे वेतन आणि चौकशी त्याच्या दोषाविना लांबल्यास पाऊण वेतन, ही निर्वाहभत्त्याची तरतूद त्याच प्रकरणात आहे. तीनशेच्या खालच्या कारखान्यातील कामगाराला ही संहिता त्याची हमी देत नाही. उपाशी माणूस चौकशी किती दिवस लढवील, हा हिशेब मालकांना चांगला कळतो.

आणि सोबत्यांनी त्याच दुपारी काम बंद केले तर? पूर्वी संपाच्या नोटिशीची सक्ती सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांपुरती होती. आता प्रत्येक उद्योगात चौदा दिवसांची नोटीस हवी. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संपच. एकट्याला कोर्टाची वाट आखूड करून द्यायची आणि त्याच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांना बेकायदा ठरवायचे, ही या संहितेची खरी रचना आहे.

परंतु कायदा भांडवली आहे म्हणून त्याकडे पाठ फिरवणारे आपल्यातील काही कॉम्रेडही मालकाचेच काम सोपे करतात. आणि वकिलाकडे फाईल टाकून निर्धास्त होणारे त्यांच्याहून फारसे वेगळे नाहीत. कित्येक प्रकरणे न्यायाधिकरणात नव्हे, तर ऑफिसातल्या टेबलावरच हरली जातात. कोऱ्या कागदावर सही होते, राजीनामा दडपणाखाली लिहिला जातो, ‘सर्व हिशेब मिळाला’ या ओळीखाली अंगठा उठतो. असे झालेच, तर दुसऱ्याच दिवशी सही जबरदस्तीने घेतल्याचे पत्र स्पीड पोस्टाने मालकाला जावे आणि पावती जपावी. चौकशीतून रागाने उठून जाणे म्हणजे एकतर्फी निकाल मालकाच्या हाती देणे होय. कागदपत्रे मागावीत, साक्षीदारांची उलटतपासणी करावी, नकार मिळाल्यास तो कामकाजात नोंदवून घ्यावा. ‘सुपरवायझर’ या पाटीलाही घाबरू नये. पाटीपेक्षा प्रत्यक्ष कामाला महत्त्व असते, म्हणून त्या कामाचे पुरावे ठेवावेत.

महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले की, बेकायदा बडतर्फीत मागील वेतनासह पुनर्नियुक्ती हाच सर्वसाधारण नियम आहे. मात्र मधल्या काळात अन्यत्र कमाईची नोकरी नव्हती, किंवा कमी वेतनाची होती, हे कामगाराने स्वतः सांगावे लागते. हे एक वाक्य अर्जात नसल्यामुळे वर्षांचा पगार बुडू शकतो. ते वाक्य लिहून घेणे हे शाखेचे काम आहे. बडतर्फीच्या पहिल्याच आठवड्यात अर्ज समेट अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे, आणि तो द्यायला त्याच्याबरोबर खात्यातले दहा जण गेले पाहिजेत.