रिकाम्या हातातील रॅकेट



कंधारच्या किल्ल्याजवळ विटी-दांडू खेळताना तुम्ही कधी डोळे मिटून टोला मारला आहे काय? विटीला दांडू लागला की नाही, हे मनगटालाच कळते. आता असा खेळ कल्पून पाहा, की ज्यात विटी नाही आणि दांडूही नाही. हातात प्लास्टिकची एक कांडी आणि समोर दूरचित्रवाणीचा पडदा. तुम्ही हात फिरवला, की पडद्यावरचा खेळाडू चेंडू टोलवतो. ‘निंटेंडो’ या जपानी कंपनीने २००६ साली ‘वी’ नावाचे असे यंत्र बाजारात आणले. जगभरात अशी १० कोटींहून अधिक यंत्रे खपली.

‘हा सारा वेळेचा अपव्यय’ असे म्हणून आपण शिक्षक मंडळी अशा खेळांचा विषयच बंद करतो. तासन्‌तास खेळत बसण्याविषयी ते खरेही आहे. पण हे खेळ रचणे ही एक कला आहे, आणि त्या कलेचा आरंभ तुमच्या नववीच्या ‘गतीचे नियम’ या धड्यात आहे, असे माझे मत आहे. कसे ते पाहू.

कांडीच्या पोटात त्वरणमापक असतो. त्यात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा स्प्रिंगसारख्या पट्ट्यांवर तोललेला असतो. कांडीला हिसका बसला, की जडत्वामुळे हा तुकडा किंचित मागे राहतो. त्यामुळे सूक्ष्म पट्ट्यांमधील अंतर बदलते, अंतराबरोबर विद्युत धारकता बदलते आणि त्यावरून त्वरण कळते.

मग त्वरणावरून वेग आणि वेगावरून विस्थापन काढता येईल, म्हणजे हात कोठे आहे तेही कळेल, असे तुम्ही म्हणाल. कागदावर हे अगदी बरोबर आहे. पण त्वरणाच्या मापनात ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढीच चूक धरा. विस्थापन म्हणजे त्वरण गुणिले काळाचा वर्ग, भागिले २. एका सेकंदात चूक ५ सेंटिमीटर होते, दोन सेकंदांत २० सेंटिमीटर, आणि दहा सेकंदांत चक्क ५ मीटर! यंत्राच्या हिशेबाने तुमचा हात भिंत ओलांडून शेजाऱ्याच्या अंगणात पोहोचलेला असतो.

येथेच रचनाकाराची परीक्षा असते. ‘वी स्पोर्ट्‌स’मधील टेनिस पाहा. त्यात खेळाडू चेंडूपाशी आपोआप धावतो. तुम्ही फक्त रॅकेट केव्हा आणि कशी फिरवायची ते ठरवायचे. हिसका केव्हा बसला, हे त्वरणमापक चोख सांगतो. हात कोठे आहे, हे सांगताना अडखळतो. म्हणून रचनाकारांनी त्याला जमणारा प्रश्नच त्याला विचारला. उणीव लपवण्यापेक्षा तिच्याभोवती खेळ बसवणे, यालाच मी कला म्हणतो.

कांडीतच एक लहानसा ध्वनिक्षेपक आणि थरथरणारी मोटर आहे. चेंडू लागल्याचा आवाज पडद्यातून न येता हातातून येतो, आणि मन फसते. किती फसते? खेळाडू इतक्या जोराने हात फिरवू लागले, की मनगटाच्या दोऱ्या तुटून कांड्या उडू लागल्या. डिसेंबर २००६ मध्ये कंपनीला सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून देण्याची घोषणा करावी लागली. वास्तविक टेनिसमध्ये मनगटाचा छोटा झटकाही पुरत होता!

२०१० साली ‘सोनी’ने ‘मूव्ह’ नावाची कांडी आणली. तिच्या टोकाला प्रकाशमान गोळा होता. गोळाच का? कारण गोळा कोणत्याही बाजूने पाहिला तरी वर्तुळच दिसतो, आणि ते वर्तुळ लहान दिसले तर कांडी दूर, मोठे दिसले तर जवळ. भूमितीतील ही साधी गोष्ट कॅमेऱ्याला अंतर सांगते.

तरीही मी या खेळांना मैदानाचा पर्याय मानत नाही. विटीला टोला मारला, की न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे विटीही दांडूवर तेवढेच बल लावते. कांडीला असे काही परत येत नाही. मोटरची थरथर ही त्या बलाची केवळ नक्कल आहे. हात शेवटी रिकामाच राहतो.

पण ‘खेळू नका’ एवढे सांगून आपण थांबलो, तर दुसऱ्यांनी रचलेले खेळ विकत घेणारेच राहू. मुंबईच्या ‘ट्राइन’ या संस्थेने ‘मूव्ह’साठी गल्लीतले क्रिकेट रचले. मग लेझीम का नको? लेझमीत ताल आहे, ठरलेले हिसके आहेत. त्वरणमापकाला याहून सोयीचा खेळ कोणता?

आणि त्वरणमापक शोधायला दूर जायला नको, तो घरातल्या मोबाइलमध्येच आहे. जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठाचे ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप घ्या आणि ‘गुरुत्वासह त्वरण’ मोजा. टेबलावर स्थिर ठेवलेला मोबाइल शून्य न दाखवता सुमारे ९.८ दाखवील. घरच्यांना विचारून तो छातीच्या उंचीवरून जाड गादीवर सोडा. जेमतेम अर्धा सेकंद आकडा शून्याजवळ जाईल. स्थिर असताना ९.८ आणि पडताना शून्य, असे उलटे का? तोललेल्या त्या सिलिकॉनच्या तुकड्याचा विचार करा. उत्तर सापडले, की लेझीम हातात घ्या.