गाडी सजवायची की समजून घ्यायची?

महिलांच्या कार रॅलीचं माहितीपत्रक हाती आलं की मी आधी बक्षिसांची यादी वाचते. पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक असतोच. पण बऱ्याचदा जोडीला ‘उत्कृष्ट सजवलेली गाडी’ आणि ‘उत्कृष्ट वेशभूषा’ हीही बक्षिसं असतात. पुरुष रॅलीत उतरतात तेव्हा त्यांच्या सदऱ्याला कोणी बक्षीस देतं का?

मग आदल्या आठवड्यात घरोघरी काय चालतं? बाई फुगे, फुलं आणि स्त्री-शक्तीचं घोषवाक्य यांच्या मागे. गाडी गॅरेजला नेतो नवरा किंवा भाऊ. हवा तोच भरतो, टाकी तोच फुल करतो, कागद त्याच्याच कपाटात. सकाळी किल्ली हातात देऊन म्हणतो, “सांभाळून चालव.” बाई दिवसभर गाडी चालवते, फोटोत हसते आणि संध्याकाळी किल्ली परत करते. याला सहभाग म्हणायचं?

आपल्यातल्याच काही जणी म्हणतील, हे गाडीवाल्यांचे चोचले. आपल्या बायका एस.टी.ची वाट बघत उभ्या आहेत. खरं आहे. पण सल्ला केंद्रात येणाऱ्या बायकांकडे नीट बघा. दहा वर्षं मुलांना शाळेत सोडायला गाडी चालवली, पण आर.सी. बुक नवऱ्याच्या नावावर. भांडण झालं की पहिली काढून घेतली जाते ती किल्ली. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसाचार मानलाय, पण गाडी कोणाच्या नावावर आहे, विमा कधी संपतो, हेच तिला माहीत नसतं. स्कूटीवर फिरणाऱ्या कार्यकर्तीची गोष्टही वेगळी नाही. यंत्र वापरायचं बायकांनी, ओळखायचं पुरुषांनी, ही विभागणी मोडायची तर रॅली हे चांगलं निमित्त आहे.

शिवाय हौशी रॅली म्हणजे भरधाव शर्यत नव्हे. बहुतेक रॅल्या वेळ, वेग आणि अंतर यांच्या गणिताच्या असतात. रस्त्याचे टप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येक टप्प्याला ठरावीक सरासरी वेग दिलेला असतो. सरासरी ३६ कि.मी. दिली असेल तर १२ कि.मी.ला बरोबर २० मिनिटं लागली पाहिजेत. उशिरा पोचलात तर दंड, लवकर पोचलात तरी दंड. तपासणीची ठिकाणं आधी सांगत नाहीत. एक जण चालवते, दुसरी रोडबुक वाचून हिशेब करते. आपला मीटर त्यांच्या मीटरशी जुळत नाही, तो फरक आधी काढावा लागतो. रोडबुकातल्या १० कि.मी.ला आपला मीटर १०.३ दाखवत असेल, तर २० कि.मी.चं वळण आपल्याकडे २०.६ला येणार. महिनाभराचा किराणा बसवणाऱ्या बाईला हे जड नाही.

आता तयारी. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन थंड असताना ऑईल, कूलंट, ब्रेक ऑईल बघा. टायरची नक्षी १.६ मि.मी.पेक्षा कमी उरली असेल तर टायर बदला. हवा किती हवी ते बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. स्टेपनीतली हवाही बघा. चाक एकदा स्वतः बदला: हँडब्रेक लावायचा, चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, मग जॅक. बसवताना नट समोरासमोरचे आवळायचे. डिकीतलं सुटं सामान काढा. आणि विम्याची पॉलिसी वाचा. खाजगी गाडीच्या पॉलिसीत शर्यती आणि चाचणी-स्पर्धा सहसा वगळलेल्या असतात. कंपनीला लेखी विचारा, लागेल ती जोड घ्या.

स्वतःची तयारी? आदल्या रात्री झोप. म्हणजे दुसऱ्या दिवसाचा डबा दुसऱ्या कोणीतरी करायचा, हे आधी घरात सांगून टाका. सपाट बूट घाला, ओढणी गाडीत नकोच. आणि पाणी प्या. वाटेत संडास नाही म्हणून आपण दिवसदिवस तहान मारतो. मुंबईत २०११पासून ‘राइट टू पी’ची मोहीम ज्यासाठी लढली, ती मागणी रॅलीच्या आयोजकांपुढेही ठेवायला हवी.

मी पहिल्या वेळी गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेले तेव्हा मिस्त्री म्हणाला, “मॅडम, साहेबांना फोन लावा ना, त्यांना सांगतो काय झालंय ते.” मी म्हटलं, “साहेब नाहीत. गाडी माझी आहे, मलाच सांगा.” त्याने सांगितलं. ब्रेकचे पॅड काढून हातात दिले, किती झिजलेत ते दाखवलं. पंधरा मिनिटं लागली. एवढ्या पंधरा मिनिटांसाठी आपण वर्षानुवर्षं मध्ये एक साहेब उभा करतो.

१९८१ साली मिशेल मूताँ आणि फाब्रिझिया पोन्स या दोघींनी इटलीतली सान रेमो रॅली जिंकली. जागतिक मालिकेतली ती रॅली होती, समोर जगातले नावाजलेले पुरुष होते. पुढच्या वर्षी मूताँ जागतिक स्पर्धेत दुसरी आली. ते गाडी सजवून मिळालेलं नव्हतं.

म्हणून आयोजकांकडे आपल्या मागण्या साध्या आहेत. सजावटीचं आणि वेशभूषेचं बक्षीस बंद करा. ते पैसे रॅलीआधीच्या एका कार्यशाळेला द्या, तिथे प्रत्येकीला चाक बदलायला आणि रोडबुक वाचायला शिकवा. थांब्यांवर स्वच्छ संडास ठेवा. हे होणार नसेल तर आपल्या गटांनीच शिबिरात एक दुपार यासाठी राखून ठेवावी. कोणा एकीची गाडी, जॅक आणि पाना पुरे.

आणि मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर एवढं करा. कपाटातून आर.सी. बुक काढा आणि त्यावर नाव कोणाचं आहे ते वाचा.