मर्सिडीज की कॅमरी?

परवा बीदरजवळच्या नौबादला ताईकडे गेलो होतो. निवृत्तीच्या पैशातून भावोजींना मोठी गाडी घ्यायचीय, जुनीच. एक गोवा पासिंगची मर्सिडीज सी-क्लास, दुसरी केए-३८ म्हणजे बीदर पासिंगची, पण हैदराबादेत वापरलेली कॅमरी. किंमत सारखीच. "तुम्ही गोव्याचे, सांगा," म्हणाले.

माझं मत, आधी बिल्ला विसरा. गोव्याची गाडी कर्नाटकात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर एनओसी, नवी नोंदणी आणि तिथला रोड टॅक्स. स्वस्त म्हणून घेतलेली गाडी अशी महाग पडते. शिवाय तिचा जाणकार मेकॅनिक किती लांब? हैदराबादच सुमारे १४० किलोमीटर.

कॅमरीलाही डोळे झाकून हो म्हणू नका. ऑक्टोबर २०२० च्या पुरात हैदराबादेत कितीतरी गाड्या बुडाल्या. कार्पेट उचलून गंज बघा, सीटबेल्ट पूर्ण ओढून चिखलाचे डाग शोधा, सर्व्हिसचे आणि विम्याचे कागद मागा.

नौबादची बहामनी काळातली सुरंग-बावी जमिनीखालून पाणी नेते, वर नुसती विहिरींची तोंडं दिसतात. गाडीचंही तसंच, वरच्या पॉलिशवरून आतलं कळत नाही.

शेवटी कॅमरी म्हटलं, पण मेकॅनिकने खालून बघितल्यावरच. निवृत्तीचे पैसे पुन्हा मिळत नाहीत.