आरोग्यविचार : तपासणीपूर्वीची गोळी

चंदगड-आजऱ्याहून पहाटेच्या एसटीने हृदयाच्या तपासणीसाठी कोल्हापुरास यावे आणि स्टँडवर घेतलेल्या एका कप चहामुळे तपासणी पुढे ढकलली जावी, हे ऐकणाऱ्यास विचित्र वाटेल. परंतु त्यामागे सबळ कारण असते.

हृदयाची धमनी अरुंद झाली तरी विश्रांतीच्या वेळी रक्तपुरवठा बहुधा पुरेसा असतो. उणीव प्रकट होते ती ताण पडल्यावर. म्हणून रुग्णास ट्रेडमिलवर चालवून नाडीचा वेग '२२० वजा वय' या संख्येच्या ८५ टक्क्यांपर्यंत नेतात. ६० वर्षांच्या व्यक्तीसाठी तो मिनिटास १३६ होतो. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल ही बीटा-ब्लॉकर औषधे हा वेग वाढू देत नाहीत. ताण अपुरा पडतो आणि दोष असूनही चित्र निर्दोष दिसू शकते. डिजॉक्सिनमुळे याउलट, नसलेला दोष ईसीजीत भासू शकतो.

ज्यांना चालणे शक्य नसते, त्यांच्या रक्तवाहिन्या ॲडेनोसिनच्या इंजेक्शनाने रुंदावून किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने चित्रे घेतात. हीच लोकांच्या तोंडी असलेली 'थॅलियम' तपासणी. आता तीत बहुधा टेक्नेशियम वापरतात. चहा-कॉफीतील कॅफीन आणि दम्यावरील थिओफायलिन ॲडेनोसिनचा परिणाम रोखतात. त्यामुळे चहा-कॉफी बहुधा १२ ते २४ तास आधीपासून वर्ज्य असते.

सीटी अँजिओग्राफीत मात्र हृदय संथ चालले तरच चित्र स्पष्ट येते. तेथे नाडी साठच्या आसपास आणण्यासाठी डॉक्टर स्वतःच बीटा-ब्लॉकर देतात. एका तपासणीत अडथळा ठरणारी गोळी दुसरीत साहाय्यक होते, ती अशी.

म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावरून आपली गोळी कोणीही बंद करू नये. बीटा-ब्लॉकर अकस्मात थांबविल्यास छातीतील वेदना बळावू शकते, क्वचित हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. शिवाय चालू उपचार पुरेसे आहेत का, हे पाहावयाचे असल्यास डॉक्टर औषधे मुद्दाम चालू ठेवतात.

तपासणीची तारीख मिळताच दमा-मधुमेहासह सर्व औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी आणि तीन प्रश्न विचारावेत : कोणते औषध थांबवावे, केव्हापासून, आणि पुन्हा केव्हा सुरू करावे? यांतील तिसरा प्रश्न विचारावयाचा बहुधा राहून जातो. तो विसरू नये.