मुकी गाडी

जुन्या लाल गाडीत माणूस शेजाऱ्याशी भांडला तरी पुढच्या बाकावर पत्ता लागत नसे. काचा तडतडायच्या, गिअर बदलला की इंजिन घोगरं ओरडायचं, आणि त्या गदारोळाच्या आडोशाला सोयरिकी ठरायच्या, वाटण्या व्हायच्या, उसनवारीचे हिशेब मिटायचे. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ ला महामंडळाची विजेवरची 'शिवाई' सुरू झाली. मधल्या ७४ वर्षांत महाराष्ट्र गाडीत बसून काय काय बोलला असेल, त्याला साक्षीदार नाही. कुणाला धड ऐकूच आलं नाही.

परवा रात्री उशिरा स्वारगेटहून साताऱ्याकडे यायला विजेची बस मिळाली. गारेगार, काचा बंद, गिअरची भानगड नाही. कात्रजचा बोगदा कधी मागे पडला समजलं नाही. शिरवळच्या पुढे आतले दिवे मालवले, तेव्हा माझ्या तोंडातल्या शेवेचा आवाज मलाच मोठा वाटायला लागला. पुडी गुपचूप पिशवीत ठेवली.

पुढच्या बाकावर एक टोपीवाले दादा होते, आमच्याच कोरेगाव तालुक्यातले. त्यांचा फोन वाजला. तोंडावर उपरणं धरून ते कुजबुजले, "गाडीला किती म्हंतोस?"

बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे आल्याचा भाव गाडीवर ठरतो आणि गाडी म्हणजे ५०० किलो. व्यापारी म्हणतो, जुनं आलं वेगळं, नवं वेगळं, नव्याला भाव कमी. शेतकरी म्हणतो, एकाच गड्ड्याला लागलंय, एकत्र उचल. हा वाद आमच्या भागात घरोघरी पाठ आहे.

"नवं निवडून बाजूला? मग न्हाय परवडत," दादा पुटपुटले. हे पुटपुटणं मागच्या बाकापर्यंत शब्दन् शब्द पोचलं. झोपेचं सोंग घेतलेल्यांनी हळूच डोळे उघडले.

खंबाटकीचा घाट लागला की लाल गाडी कण्हायला लागायची आणि सगळ्यांची बोलणी आपोआप थांबायची. ही मात्र हूं की चूं न करता चढत होती. पलीकडच्या आजींना राहवेना. "भाऊ, एकत्रच द्या हो. गेल्या साली आमच्या पोराला असंच गंडवलं." मागून एका पोरानं त्याच्या गावातला परवाचा दर सांगितला, कुणी विचारलं नव्हतं तरी. चालकानं मान न वळवता आपलं मत दिलं, "घाई करू नका. आठ दिवस थांबा."

दादांनी उपरणं काढून मांडीवर ठेवलं आणि फोन सरळ स्पीकरवर टाकला.

"दादा, तुमच्यासंगं कोण बोलतंय?" पलीकडून व्यापारी.

"गाडीभर हायत."

"गाडीभर? मघाशी तर चार गाड्या म्हणालात!"

सगळी बस हसली. व्यापाऱ्याला ते हसणंही स्वच्छ ऐकू गेलं असणार. घाट उतरताना गाडी बॅटरीत वीज परत भरून घेत होती आणि व्यापारी तोडलेले पैसे परत भरत होता. सुरूरच्या आसपास फोन कटला. मग पाचवडपर्यंत दादा बाजूला राहिले आणि बाकीच्यांनी सौदा चालवला.

युरोपात २०१९ पासून विजेच्या नव्या मॉडेलच्या वाहनांना हळू चालताना मुद्दाम आवाज करायला लावतात, रस्त्यावरच्या माणसाला चाहूल लागावी म्हणून. बाहेरच्यांची सोय झाली. आत बसणाऱ्यांनाही थोडा खडखडाट द्यायला हवा, पाहिजे तर बटणावर. बायकोशी फोनवर बोलायचं असेल त्यानं बटण दाबावं.

साताऱ्यात उतरलो तेव्हा कोरेगावची शेवटची गाडी निघून गेली होती. मग वडाप. सहाच्या जागेत दहा जण, स्पीकरवर लग्नातली गाणी, एक दार दोरीनं बांधलेलं. दादांचा फोन पुन्हा वाजला. या वेळी ते बेंबीच्या देठापासून बोलत होते, आणि गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या मला एक अक्षर कळत नव्हतं. क्षेत्र माहुलीच्या पुलावर न राहवून त्यांच्या कानाशी ओरडलो, "दादा, भाव किती ठरला?"

"हां, हां," दादा खुशीत ओरडले, "भाऊच येतोय न्यायला! मोटरसायकल घेऊन!"