भर शहरात फुटपाथवर दुर्बीण लावून काय दिसतं?

पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला. पण तारे बघायला जंगलापर्यंत जाणं सगळ्यांना कुठे परवडतं?

यावरचा उपाय जुना आहे. जॉन डॉब्सन हे सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त मठात संन्यासी होते. पुठ्ठ्याची नळी, प्लायवूड आणि हाताने घासलेला आरसा वापरून ते स्वस्तातली दुर्बीण बनवायचे. मठ सोडल्यावर १९६८ मध्ये ‘साइडवॉक ॲस्ट्रॉनॉमर्स’ हा गट सुरू झाला आणि दुर्बीण थेट रस्त्यावर आली, बघणं फुकट!

पण शहरातल्या उजेडात दिसतं काय? आकाशगंगा दिसत नाही. चंद्रावरची विवरं, गुरूचे चार मोठे चंद्र, शनीची कडी मात्र दिसतात. चंद्रासाठी पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या आसपासचे दिवस चांगले. तेव्हा ऊन तिरपं पडतं आणि सावल्यांमुळे विवरं उठून दिसतात.

हा फक्त छंद नाही. ‘सायन्स’मधल्या २०२३ च्या अभ्यासानुसार, २०११ ते २०२२ या काळात रात्रीचं आकाश दरवर्षी सरासरी १० टक्क्यांच्या आसपास उजळत गेलं. रस्त्यावरच्या दिव्यांचा झोत खाली वळवला, तर हा उजेड कमी होऊ शकतो. पण ज्यांनी आकाश कधी नीट पाहिलंच नाही, ते अशी मागणी कशाला करतील?