न भरणारी जखम

विळीवर भाजी चिरताना बोट कापते. थोडे रक्त वाहते, मग दाटते आणि थांबते. दोन दिवसांत खपली धरते आणि काही दिवसांनी ती गळून पडली, की खाली नवी कातडी दिसते. शरीर हे काम इतके निमूटपणे करते, की त्याची कुणी दखलही घेत नाही. पण जखम भरून काढणारी हीच यंत्रणा कर्करोगाच्या हाती लागली तर? अमेरिकेत बोस्टन येथील बेथ इस्रायल रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी अनेक वर्षे या प्रश्नाचा पाठपुरावा केला.

रक्ताची गुठळी आणि कर्करोग यांचे नाते असावे, ही शंका जुनीच आहे. पॅरिसचे नामवंत वैद्य आर्मां त्रूसो यांनी १८६५ साली सांगितले होते, की कारण नसताना शिरांमध्ये वारंवार गुठळ्या होत असतील, तर आत कर्करोग दडलेला असू शकतो. दोनच वर्षांनी स्वतःच्या शिरेत गुठळी झालेली पाहून त्यांनी आपले निदान आपणच केले. ते खरे ठरले. १८६७ मध्येच जठराच्या कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला.

मात्र असे का घडते, हे कोडे सुटले नव्हते. ड्वोरॅक गिनीपिगच्या शरीरातील कर्करोगाच्या गाठी तपासत होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना गाठीभोवती फायब्रिनचे जाळे दिसले. फायब्रिन म्हणजे रक्त गोठताना तयार होणारे चिवट धागे. पण येथे ना काही कापले होते, ना रक्त वाहिले होते. मग हे धागे आले कोठून?

१९८३ साली डोनाल्ड सेंगर, ड्वोरॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर प्रसिद्ध केले. कर्करोगाच्या पेशी एक प्रथिन बाहेर सोडतात. त्यामुळे जवळच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातील पातळ द्रव बाहेर झिरपतो आणि तेथेच गोठून त्याचे जाळे बनते. शरीराची समजूत होते, की येथे जखम झाली आहे. ती भरून काढण्यासाठी त्या जाळ्यात नव्या रक्तवाहिन्या वाढू लागतात. त्यांतून जखमेऐवजी कर्करोगाच्या गाठीलाच अन्न आणि प्राणवायू मिळतो!

खरी जखम भरली, की हे काम थांबते. गाठीत मात्र ते थांबतच नाही. म्हणून १९८६ सालच्या एका लेखात ड्वोरॅक यांनी अशा गाठींना ‘न भरणाऱ्या जखमा’ म्हटले.

१९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील नेपोलियोने फेरारा यांना नव्या रक्तवाहिन्या वाढवणारे एक प्रथिन सापडले. ते आणि बोस्टनचे प्रथिन एकच निघाले. त्याला अडवणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मान्य झाले. या औषधाने कर्करोग मुळापासून जात नाही. इतर औषधांच्या जोडीने काही रुग्णांना आयुष्याचे आणखी काही महिने मिळतात. उतारवयात डोळ्याच्या पडद्यामागे वाढणाऱ्या नाजूक रक्तवाहिन्या रोखण्यासाठी डोळ्यात जे इंजेक्शन देतात, तेही याच संशोधनाचे फळ आहे.

ड्वोरॅक यांच्या विचाराची सत्यता या औषधाच्या एका दोषातूनही पटते. ते चालू असताना शस्त्रक्रियेची जखम लवकर भरत नाही. म्हणून मोठी शस्त्रक्रिया आणि हे औषध यांत किमान चार आठवड्यांचे अंतर ठेवतात. गाठीची वाट अडवली, की जखमेचीही अडते. कारण दोघींची वाट एकच आहे.

घरातल्या माणसांनी यातून काय घ्यावे? काही गाठी रक्त गोठवणारे पदार्थही बाहेर सोडतात. त्यामुळे कर्करोगाच्या रुग्णाला गुठळी होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच अधिक असतो. अशा रुग्णाचा एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला किंवा गरम लागला, तर तेल लावून चोळत बसू नये. मालीश केल्याने गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखले, तर तडक रुग्णालय गाठावे. गुठळीवर औषधे आहेत. ती वेळेवर सुरू झाली पाहिजेत.

उलट, पाय सुजला म्हणजे कर्करोगच, असे समजून घाबरण्याचेही कारण नाही. शस्त्रक्रियेनंतर, दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्यावर किंवा लांबच्या प्रवासात एकाच जागी बसून राहिल्यानेही गुठळी होते. पण तिचे कारण डॉक्टरांकडून शोधून घ्यावे. त्रूसो यांना स्वतःचा आजार कळला, तेव्हा त्यांच्या हाती उपाय नव्हता. आजच्या रुग्णाच्या हाती तो आहे.